लाकडाची खोड

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून विस्कॉन्सिनला आलेला एक तरुण दीड वर्ष उपनगरातल्या मोठ्या सेंटरमध्ये, सिंथेटिक लेनवर बोलिंग खेळतोय, म्हणजे लांब पट्टीवरून (लेनवरून) जड बॉल घरंगळत नेऊन दहा पिना पाडायचा खेळ. सरासरी गेमला १७८ (३०० पैकी). ऑफिसातल्या मित्रानं त्याला गावाकडच्या एका जुन्या, आठ लेनच्या लाकडी सेंटरमधल्या लीगमध्ये ओढलं आणि सहा आठवड्यांत सरासरी १५१ वर आली. "तोच बॉल, उभं राहायची तीच जागा, तोच बाण. डाव्या लेनवर बॉल हेडपिनच्या नाकावर आदळतो, उजव्या लेनवर पॉकेटपर्यंत पोचतच नाही. नवा बॉल घेऊ की रिलीज बदलू?" (नवख्यांसाठी: लीगमध्ये शेजारच्या दोन लेनवर आळीपाळीनं खेळतात. बाण म्हणजे नेम धरायला लेनवर काढलेल्या खुणा, हेडपिन म्हणजे सगळ्यात पुढची पिन, पॉकेट म्हणजे तिच्या आणि उजवीकडच्या मागच्या पिनेमधली फट, आणि रिलीज म्हणजे हातातून बॉल सोडायची पद्धत.)

दोन्ही नको. निदान एवढ्यात तरी नको.

आधी माझं थोडं सांगते, म्हणजे हे सगळं कुठून बोलतेय ते कळेल. मी कोल्हापूरची. लग्न होऊन विस्कॉन्सिनला आले, पहिल्याच हिवाळ्यात घरात बसून वेड लागायची पाळी आली, तेव्हा शेजारीण तिच्या बायकांच्या लीगला घेऊन गेली. माहेरी फोनवर सांगितलं, "मी बोलिंग करते," तर भावाचा पहिला प्रश्न, "फास्ट की स्पिन?" त्याला चोवीस वर्षं झाली. त्यातली अकरा वर्षं मी बारा लेनच्या एका लाकडी सेंटरमध्ये काढली. आता शनिवारी सकाळी शाळकरी मुलांना शिकवते. उजव्या हातानं खेळते, तुम्हीही उजवेच आहात असं धरून लिहितेय. डावखुरे असाल तर तुमचं निम्मं दुखणं तसंही नसतंच. का ते पुढे येईल.

त्या सेंटरमधला माझा पहिला गुरुवार सांगण्यासारखा आहे. तीन बॉल घेऊन गेले होते, एकाहून एक ताकदीचे. पहिल्या गेममध्ये एक बदलला, दुसऱ्यात दुसरा, जागा तर दर फ्रेमला (गेममधल्या दहा पाळ्यांतल्या प्रत्येकीला) बदलत होते. तिसऱ्या गेमला ११८. बॅग भरताना तिथला मेकॅनिक, सत्तरीचा माणूस, हात पुसत मागून बाहेर आला आणि म्हणाला, "लेन सगळा वेळ एकच गोष्ट सांगत होती. तू मात्र दर वेळी नवा प्रश्न विचारत होतीस." तेव्हा रागच आला. पण पुढं जे काही शिकले ते बहुतेक त्याच्याकडून.

त्याचं म्हणणं असं, की लाकडी लेनवर दोन वेगळे लहरीपणा असतात आणि आपण त्यांची खिचडी करतो. एक लाकडाचा: उतार, झीज, सांधा. हा आज आहे तसाच पुढच्या महिन्यातही असतो. दुसरा त्या दिवसाचा: लेनवर लावलेलं तेल किती, कुठे (तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर वळतो), हवा कशी, तुमच्या आधी कोण खेळून गेलं. पहिला वहीत लिहून ठेवायचा, दुसरा डोळ्यांनी बघायचा. तुमच्या उजव्या लेनवर बॉल दर आठवड्याला कमी वळत असेल तर तो त्या दिवसाचा लहरीपणा नव्हे, ती त्या लेनची खोड आहे.

आता ही खोड येते कुठून ते बघू. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडूनच बॉल सोडायचा त्या रेषेपासून, हेडपिनपर्यंत लेन ६० फूट. रुंदीला ३९ फळ्या, प्रत्येक साधारण एक इंचाच्या किंचित वर. या फळ्या जमिनीवर पसरून ठोकलेल्या नसतात. आडव्या कडेवर उभ्या करून, एकीला दुसरी चिकटवत, खिळ्यांनी जोडत नेलेल्या असतात. पहिले पंधरा-सोळा फूट मेपलचे, कारण बॉल तिथं पडतो आणि मेपल टणक. मधला लांब पट्टा पाइनचा, म्हणजे मऊ. पिना उभ्या असतात तिथं पुन्हा मेपल. मेपल आणि पाइन एकमेकांत बोटं गुंतवल्यासारखे जोडलेले असतात, आणि तो सांधा बाणांच्या जरासा पलीकडे असतो. म्हणजे तुम्ही ज्या बाणावर नजर ठेवून बॉल सोडता, त्याच्या लगेच पुढं बॉल एका लाकडावरून दुसऱ्या लाकडावर जातो. सांधा चांगला असेल तर काही कळत नाही. पाइन मेपलपेक्षा केसभर जास्त खचला असेल तर बॉल तिथं "टक्" करतो. आमच्या सात नंबरवर तो आवाज पाठ फिरवूनही ओळखता यायचा, आणि तिथून बॉल एक-दीड फळी उजवीकडे सरकायचा. नेहमीच.

लाकडावर तकतकीत थर असतो. जुन्या काळी शेलॅक, मग लॅकर, आणि नंतर पॉलियुरेथेन. (लॅकर इतकं पेट घेणारं, की थर देताना सेंटरच्या सेंटर जळाल्याच्या कथा इथले जुने लोक अजून सांगतात.) ठरावीक वर्षांनी लेन घासून सपाट करायची आणि नवा थर द्यायचा, ही लाकडी लेनची देखभाल. पण दर घासणीला लाकूड कमी होतं, आणि एक दिवस खिळ्यांची डोकी दिसायला लागतात. त्यानंतर घासता येत नाही. शिवाय ते काम महाग, करणारे कारागीर कमी. म्हणून छोटी सेंटरं घासणी पुढं ढकलत राहतात, वरच्यावर थर मारतात, आणि खालचे खड्डे तसेच राहतात.

नियमात लेनचा आडवा उतार एका इंचाच्या हजारातल्या ४० भागांपर्यंत चालतो. म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा जराच जास्त. डोळ्यांना दिसत नाही, पण पंधरा पौंडांच्या बॉलला ६० फुटांत नक्की कळतो. मधे किंचित खोलगट लेन असेल तर बॉल आपसूक आत ओढला जातो. उंचवटा असेल तर तोच बॉल वळायला कां-कूं करतो. तुमची डावी-उजवी जोडी यातलीच असावी असा माझा अंदाज आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाची झीज म्हणजे चाकोरी. इंग्रजीत ट्रॅक म्हणतात, पण आपला शब्द जास्त नेमका आहे. बैलगाड्यांनी रस्त्यात पडते तशी. दुसऱ्या बाणापासून, म्हणजे उजवीकडून दहाव्या फळीच्या आसपास, पॉकेटच्या दिशेनं चार-पाच फळ्यांचा एक पट्टा असतो. पन्नास-साठ वर्षं जवळपास प्रत्येक उजव्या माणसानं बॉल तिथूनच नेलाय. थर तिथला उडालेला, लाकूड तेल पिऊन काळवंडलेलं, पृष्ठभाग खरखरीत. बॉल त्यात शिरला की पकड घेतो आणि लवकर वळतो. डावखुरे दहातला एखादा, म्हणून त्यांची बाजू अजून नव्यासारखी. माझ्या टीममधला डावखुरा आमच्या कुरकुरीकडे बघून दाणे खात बसायचा.

तर पहिलं काम लीगच्या रात्री नाही, एखाद्या सुट्या दुपारी. सेंटर रिकामं असतं तेव्हा जा, ज्या जोड्यांवर तुमची पाळी येते त्यांच्यावर एकेक गेमचे पैसे भरा, आणि स्कोअर विसरून जा. फाउल लाइनशी उकिडवे बसा, डोळे लेनच्या पातळीला आणा. पिनांवरचा दिवा लेनवर चमकत तुमच्याकडे येतो. जिथं थर शाबूत आहे तिथं चमक सलग दिसते, जिथं झिजलाय तिथं ती तुटते, मळकट होते. पाच मिनिटांत चाकोरी कुठून कुठं जाते ते दिसतं. पाय मात्र लाइनच्या अलीकडेच, पलीकडे तेल असतं. बुटाला लागलं तर पुढच्या पावलाला आपटाल, मागच्याचाही जीव घ्याल.

मग सेंटरचाच एखादा प्लास्टिकचा बॉल घ्या आणि हात अजिबात न फिरवता, अगदी हळू, सरळ सोडा. आमच्याकडची लहान मुलं सोडतात तसा. जोरात टाकलेल्या बॉलवर उताराचा परिणाम वेगात लपून जातो. हळू बॉल लपवू शकत नाही. पाचव्या फळीवरून एक, दहाव्यावरून एक, पंधराव्यावरून, विसाव्यावरून. कुठं आत येतो, कुठं बाहेर गटरकडे (कडेच्या नालीकडे) घरंगळतो, कुठं सांध्याला दचकतो, ते लिहा. माझ्या जुन्या वहीत तीन नंबरच्या लेनसमोर एवढंच आहे: "१० वरून आत येतो. ५ वरून सरळ गटर. १५ ला काही होत नाही." त्या तीन वाक्यांवर मी अकरा वर्षं त्या लेनवर खेळले.

यातलं "काही होत नाही" हे सगळ्यात मोलाचं. तेच शोधायचं असतं.

आता रेषा कुठली घ्यायची. सिंथेटिकवर तुम्ही बहुधा आतून बाहेर खेळत असणार: पंधराव्या फळीवरून बॉल सोडायचा, तो आठव्यापर्यंत बाहेर जाऊ द्यायचा आणि तिथून वळवून आणायचा. दिसायला छान असतं, पिनाही जोरात उडतात. सपाट लेन आणि मोजून लावलेलं तेल असेल तर ते परवडतं. लाकडावर असा बॉल जाताना सात-आठ फळ्या ओलांडतो, येताना पुन्हा सात-आठ. प्रत्येक फळीचा उतार वेगळा, थर वेगळा. तुम्ही खोडींची गोळाबेरीज करत चालला आहात. त्यापेक्षा बॉल फळ्यांना समांतर सोडा, शक्य तितका सरळ, आणि पॉकेटमध्ये शेवटच्या पंधरा फुटांत थोडासाच वळू द्या. पॉकेटमध्ये शिरण्याचा आदर्श कोन साधारण सहा अंशांचा मानतात. सरळ रेषेनं तो तुम्हाला मिळणार नाही, दहा नंबरची, म्हणजे उजव्या कोपऱ्यातली पिन जास्त वेळा उभी राहील. राहू दे. पॉकेट रोजच्या रोज लागणं आणि एक पिन उचलणं हा सौदा नाकावर आदळून चार-सहाची फाळणी (एकमेकींपासून लांब उरलेल्या दोन पिना) सोडण्यापेक्षा किती तरी बरा.

समांतर म्हणजे नेमकं कुठून? इथं दोनच शहाणे पर्याय आहेत आणि तिसरा वेडेपणाचा. एकतर चाकोरीच्या मधोमध जा, तिला तुमचा बॉल वाहू द्या. जुने खेळाडू तेच करायचे. चाकोरी पॉकेटकडेच जाते, कारण ती पॉकेट मारणाऱ्यांनीच पाडलीय. त्यासाठी बॉल शांत हवा. नाहीतर चाकोरीपासून चांगल्या चार-पाच फळ्या लांब राहा: आत, तेल जास्त असतं तिथं, किंवा बाहेर पाचव्या फळीजवळ, थर शाबूत आणि उतार सरळ असेल तर. वेडेपणा म्हणजे चाकोरीच्या कडेवर खेळणं. तिथं अर्धी फळी उजवीकडे सुटला की बॉल घसरत जातो, अर्धी डावीकडे सुटला की पकडतो, आणि पिनांशी पोचेपर्यंत सहा इंचांचा फरक पडतो. तुम्ही म्हणता "तीच जागा, तोच बाण, तरी दर वेळी वेगळं". दुसऱ्या बाणाच्या किंचित आतून खेळताय का? मग तुम्ही कडेवर आहात.

एक ठोकताळा तुम्ही ऐकला असेल: तेल जितके फूट लावलंय त्यातून ३१ वजा करा, बॉल त्या फळीवरून वळला पाहिजे. ४० फूट तेल असेल तर नववी फळी. सिंथेटिकवर मीही मुलांना हेच शिकवते. जुन्या लाकडावर विसरा. तेल ४० फूट लावलेलं असतं, पण मेपलवर टिकलेलं आणि पाइननं पिऊन टाकलेलं, म्हणजे त्या आकड्याला अर्थच उरत नाही. तसंच, चुकलं त्या दिशेला दोन फळ्या पाय आणि एक फळी नजर, हा नेहमीचा बदलही लाकडावर बेभरवशाचा. कधी दोन फळ्यांनी काहीच फरक पडत नाही, कधी तुम्ही चाकोरीच्या आतून बाहेर पडता आणि बॉल पाच फळ्यांनी चुकतो. लाकडावर मी पाय एकेक फळीनं हलवते, आणि बऱ्याचदा पाय हलवतच नाही, वेग बदलते.

वेग हाताच्या जोरानं वाढवायचा नाही, हे आधीच सांगते, कारण सगळे तेच करतात आणि बॉल खांद्यातून ओढला जातो. सुरुवातीला बॉल छातीशी धरत असाल तर दोन-तीन इंच वर धरा. झोका उंचावरून येतो, वेग आपोआप वाढतो. बॉल हळू हवा असेल तर तितकाच खाली. पाय त्याच लयीत. एवढ्यानं मेपलच्या कोरड्या भागात बॉल लवकर पकडायचा थांबतो. अगदीच कोरडं पडलं असेल तर बॉल फाउल लाइनच्या दीड-दोन फूट पुढं टेकवता येतो, पण लाकडावर हे बेतानं. टेकवणं आणि आपटणं यात फरक आहे. मालकाला तो काउंटरवर बसून ऐकू येतो, आणि त्याची बाजू चुकीची नसते.

बॉलबद्दल. १९९० च्या दशकात रिॲक्टिव्ह रेझिनचे बॉल आले ते तेल चोखून घेतात, कोरडं लागलं की एकदम वळतात. तुमच्याकडे चकचकीत पॉलिश केलेला रिॲक्टिव्ह असणार; पहिल्या-दुसऱ्या वर्षात दुकानदार तोच गळ्यात मारतात. अशा बॉलचा स्वभाव असा, की तेलावर तो जास्त घसरतो आणि कोरड्यावर जास्त वळतो. म्हणजे लेनमधला फरक तो वाढवून दाखवतो. तुम्हाला फरक झाकणारा बॉल हवाय. यासाठी माझी पसंती युरेथेनला: आधी लोळायला लागतो, सावकाश वळतो, अचानक काही करत नाही. नसेल तर घरात पडलेला जुना, दमलेला रिॲक्टिव्ह शोधा. पॉलिश उतरवून त्यावर २००० किंवा ३००० नंबरचा घासायचा पॅड फिरवून घ्या. ताकदीचा बॉल खरखरीत करू नका, तो चाकोरीत अर्ध्यातच गळपटेल आणि पिनांपाशी नुसता जाऊन पडेल. बॉल कमजोर, वरचा पृष्ठभाग मंद, हा मेळ. आणि पॅड घरीच किंवा सामन्याआधी. लीगचा खेळ सुरू झाल्यावर पृष्ठभाग बदलणं नियमात बसत नाही. टॉवेलनं कोरडं पुसणं तेवढं चालतं.

टॉवेलचं निघालंच आहे तर: बॉल परत आला की पुसायच्या आधी बघा. त्यावर तेलाची वलयं असतात. सिंथेटिकवर ती स्वच्छ, पारदर्शक. लाकडावर करडी, कधी चक्क काळी, कारण तेलाबरोबर मळ येतो. पहिल्या गेमला वलयं ठसठशीत असतील आणि दुसऱ्याच्या मध्यावर फिकी झाली, तर तुमच्या रेषेवरचं तेल संपत आलंय. बॉल नाकावर जायला लागण्याच्या एक-दोन फ्रेम आधी हे कळतं.

तेलाच्या बाबतीत जुन्या सेंटरकडून फार अपेक्षा ठेवू नका. काही ठिकाणी तेल लावायचं मशीन अजून वातीवर चालतं. वात कुठं भिजलेली, कुठं कोरडी, तसं तेल लागतं. आमच्याकडे संध्याकाळी एक नंबरपासून तेल लावायला सुरुवात व्हायची, आणि अकरा-बारा नंबर नेहमी कोरडे वाटायचे. मेकॅनिकला विचारायचं सुचायला मला दोन वर्षं लागली. तुम्ही उद्याच विचारा: तेल कधी लावता, किती फूट, आमच्या आधी कोणी खेळतं का. रागावत नाहीत. उलट, इतक्या वर्षांत कोणीतरी विचारलं म्हणून लेनच्या मागे नेऊन मशीन दाखवतील.

तेलानं किती फरक पडतो याचा इतिहासातला दाखला इथला प्रत्येक जुना बोलर ऐकवतो. १ जुलै १९८२ ला कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रामध्ये ग्लेन ॲलिसननं लीगमध्ये सलग तीन गेम ३०० चे टाकले, म्हणजे दर बॉलला दहाही पिना (यालाच स्ट्राइक म्हणतात). एकूण ९००. याहून वर काही नाही. अमेरिकन बोलिंग काँग्रेसची (खेळाच्या तेव्हाच्या नियामक संस्थेची) माणसं आली, त्यांनी लेन तपासल्या आणि तेल नियमाप्रमाणे नव्हतं म्हणून स्कोअर नामंजूर केला. मान्यता मिळालेला पहिला ९०० व्हायला १९९७ उजाडलं, नेब्रास्कात, जेरेमी सॉननफेल्डचा. ॲलिसनवर अन्याय झाला की नाही यावर आमच्या टेबलावर दर हिवाळ्यात एकदा भांडण होतं. मी त्याच्या बाजूची. छत्तीस वेळा ओळीनं बॉल जागेवर नेणाऱ्या माणसाला तेलानं ढकललं असं म्हणणारे स्वतः तीन स्ट्राइक ओळीनं टाकून दाखवत नाहीत.

हवेचं तुम्हाला जानेवारीत कळेल. बाहेर शून्याखाली पंधरा, आत भट्टी चालू, हवा पापडासारखी कोरडी. लाकूड आकसतं, फळ्यांमधल्या फटी दिसायला लागतात. ऑगस्टमध्ये तेच लाकूड फुगतं. वहीत महिना लिहिलात तर पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. बाहेरच्या भिंतीला लागून असलेली लेन थंडीत इतरांपेक्षा जास्त घसरते असा माझा अनुभव आहे. गार तेल दाट होतं.

आता तुमचं मूळ दुखणं, डावी आणि उजवी लेन. लीगमध्ये दर फ्रेमला लेन बदलते, आणि आपलं डोकं मागच्या फ्रेमची चूक पुढच्या फ्रेममध्ये सुधारायला जातं. डावीवर नाकावर गेला म्हणून उजवीवर डावीकडे सरकलात, तर जी आधीच वळत नाही तिच्यावर आणखी कमी वळणार. मग उजवीची चूक डावीवर. सहा आठवडे तुम्ही हेच करत असाल. मी करत होते. उपाय अगदी शाळकरी आहे: कागदावर दोन रकाने. प्रत्येक लेनला उभं राहायची फळी आणि बाण, इतकंच. एका लेनवर बॉल चुकला तर बदल त्याच रकान्यात, आणि तो वापरायचा एका फ्रेमनंतर, त्या लेनवर परत याल तेव्हा. माझ्या अकरा-बाराच्या जोडीवर दोन लेनमधे उभं राहायच्या जागेत सहा फळ्यांचा फरक होता. बघणाऱ्याला वाटायचं बाई वाट चुकली.

सरावाची दहा मिनिटं मिळतात त्यात स्ट्राइक शोधू नका. दोन्ही लेनवर आपल्या ठरलेल्या रेषेवर दोन-दोन बॉल टाका, वहीशी जुळतंय का बघा, आणि उरलेला वेळ कोपऱ्यातल्या पिनांना द्या. १७८ वरून १५१ म्हणजे गेममागे २७ पिना. त्यातल्या सगळ्या स्ट्राइकमध्ये गेलेल्या नाहीत. नऊ पाडून एक सोडली आणि ती उचलली नाही, की पुढच्या बॉलचं बक्षीस जातं, साधारण दहा पिनांचा फटका. अशा दोन चुका गेममध्ये झाल्या की तुमचे वीस तिथंच गेले. स्पेअरसाठी, म्हणजे दुसऱ्या बॉलनं उरलेल्या पिना पाडायला, प्लास्टिकचा बॉल घ्या, सरळ टाका, आणि लेनच्या मधल्या भागातून तिरका न्या, चौथ्या बाणावरून. तिथं तेल टिकतं. दहा नंबरची पिन उजव्या कडेनं सरळ मारायच्या मोहात पडू नका. जुन्या लेनच्या कडेच्या फळ्या सगळ्यात जास्त खचलेल्या असतात, बॉल शेवटच्या दहा फुटांत गटरला निमंत्रण मिळाल्यासारखा जातो. माझा मुलगा त्या कडेला "घसरगुंडी" म्हणायचा.

सरासरी उतरली म्हणून फार हळहळू नका, हँडिकॅप (कमी सरासरीवाल्याला मिळणाऱ्या जादा पिना) वाढलाय. टीममेट तोंडावर बोलणार नाहीत, पण मनातून खूश असतील.

सवड मिळाली तर एकदा मिल्वॉकीला लिंकन ॲव्हेन्यूवरच्या हॉलर हाउसला जाऊन या. तळघरात दोनच लेन, १९०८ च्या, लाकडाच्या, आणि पिना अजून माणूस हातानं उभ्या करतो. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त लेनमधल्या या सर्वांत जुन्या. मी गेले तेव्हा पहिल्या गेमला बॉल कुठं जातोय तेच कळेना. तिसऱ्या गेमपर्यंत डावी लेन उमगली होती. उजवी नाही. पिना लावणाऱ्या पोराला विचारलं तर तो हसून म्हणाला, आणखी दोन गेम थांबा.

एक राहिलं. बुटांचं. लाकडी अप्रोच, म्हणजे फाउल लाइनच्या अलीकडची चालत यायची जागा, दमट दिवशी चिकट होतो आणि तुमचा शेवटचा पाय सरकायच्या ऐवजी अडकतो. बॉल उजवीकडे सुटतो, आणि आपण लेनला शिव्या देतो. प्रत्येक वेळी खेळायच्या आधी बॉल न घेता चार पावलं चालून सरकून बघा. चिकटत असेल तर जास्त घसरणारा सोल लावा. पावडर मात्र टाकू नका. एकतर नियमात नाही, आणि मागून येणाऱ्याचं कंबरडं मोडेल. तुमच्या उजव्या लेनवरचा "पॉकेटपर्यंत पोचत नाही" यातला काही भाग असा अप्रोचचाही असू शकतो, म्हणून हे आधी तपासा. मग वही काढा, आणि दोन्ही लेनवर दहाव्या आणि पंधराव्या फळीवरून हळू सोडलेला प्लास्टिकचा बॉल कुठं गेला ते मला लिहून पाठवा. पुढचं त्यावरून सांगता येईल.